‘येतो’ म्हणायची सोय नसते तेव्हा

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी मला विचारलं, ‘सर, व्याख्यान तत्त्वज्ञानाचं ना? मग हे चाहत्यांचे गट, इंटरनेट वगैरे मध्येच कुठून आलं?’ मी त्यांना म्हटलं, ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात मैत्री संपवावी की नाही, आणि संपल्यावर जुन्या मित्राशी कसं वागावं, यावर एक अख्खं प्रकरण खर्च केलेलं आहे. त्याला तो विषय क्षुल्लक वाटला नाही. मग आपण कशाला संकोच करायचा?

तर प्रसंग असा आहे. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या चाहत्यांचा एक गट इंटरनेटवर एकोणीस वर्षं चालू होता. मी त्यात बारा वर्षं होतो. नाव सांगत नाही, कारण त्यातली सगळी खाजगी माणसं आहेत. गट चालवायच्या एक बाई. मूळच्या दादरच्या, आता न्यू जर्सीत स्थायिक. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असूनसुद्धा. भरात असताना रोज तीस-चाळीस पत्रं पडायची. शेवटच्या वर्षी लिहिणारे उरले आठ-नऊ. आणि एक दिवस ताईंनी लिहिलं, की ३१ मार्चला मी गट बंद करते आहे, तोवर ज्याला जे म्हणायचं ते म्हणून घ्या.

त्यावर पहिलं उत्तर जे आलं ते मला विचार करायला लावणारं होतं. एकानं लिहिलं, ‘बंद झाला तर झाला, त्यात एवढं काय? गाणी तर कुठे जात नाहीत. यूट्यूबवर सगळी आहेत.’

हे अगदी खरं आहे. बारा वर्षांपूर्वी जे गाणं मिळवायला चार जणांना विचारावं लागायचं, ते आज माझा नातू अर्ध्या मिनिटात लावून देतो. म्हणजे ज्याच्यावर आमचं प्रेम, ती वस्तू जागेवर आहे, उलट पूर्वीपेक्षा हाताशी आहे. मग जाणार आहे ते काय? आणि त्याचं दुःख का व्हावं?

इथे मला कांटकडे जावं लागतं. १७९० साली त्याचा सौंदर्यविषयक निवाड्यावरचा ग्रंथ आला. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ लिहून आपली मोठी सोय करून ठेवली आहे. कांट म्हणतो, ‘मला हे आवडतं’ आणि ‘हे सुंदर आहे’ ही दोन वेगळ्या जातीची विधानं आहेत. मला कारल्याची भाजी आवडते. तुम्हाला नाही आवडत? ठीक आहे, वाद नाही. पण ‘हे गाणं सुंदर आहे’ असं मी म्हटलं आणि तुम्ही मान हलवली नाहीत, तर मला स्वस्थ बसवत नाही. मी म्हणतो, अहो, पुन्हा ऐका, तो अंतऱ्याआधीचा तुकडा ऐका. म्हणजे सौंदर्याबद्दल बोलताना मी माझ्या एकट्याच्या वतीनं बोलतच नसतो. तुम्हीही सहमत व्हावं अशी मागणी त्या वाक्यातच असते. आणि गंमत म्हणजे, ती मागणी पुरावा देऊन सिद्ध करता येत नाही. चुना आणि सिमेंट यांतलं मजबूत कोणतं ते प्रयोगशाळेत ठरेल, पण हे नाही ठरत. फक्त दुसऱ्याला पुन्हा ऐकायला लावता येतं.

कांट पुढे असंही म्हणतो, की एकटा माणूस निर्जन बेटावर सापडला तर तो आपली झोपडी सजवायच्या भानगडीत पडणार नाही. तिथे मला थोडी शंका आहे. मी तरी बहुधा दोन शिंपले ओळीनं मांडले असते. पण मुद्दा लक्षात घ्या. सुंदर गोष्ट भेटली की माणूस आपोआप दुसरा माणूस शोधू लागतो. चाहत्यांचा गट हा वेळ घालवायचा रिकामटेकडा उद्योग नाही, तो त्या निवाड्याच्या पोटातून निघतो.

आपल्याकडे हेच दुसऱ्या बाजूनं सांगितलं गेलं. ‘सहृदय’ हा शब्द आपण आता फार पातळ करून ठेवला आहे, दयाळू माणसालाही सहृदय म्हणतो. अभिनवगुप्ताला अभिप्रेत सहृदय म्हणजे ज्याचं मन काव्यात तन्मय व्हायला तयार झालेलं आहे असा रसिक. आणि ‘तंत्रालोका’त तो म्हणतो, की गीत-नृत्याच्या मेळाव्यात सगळे एकाच गोष्टीत रंगले, की एरवी देहापुरती आकसलेली प्रत्येकाची संविद पसरते, एकमेकांत मिसळते. पण त्यांतला एक जरी न रंगलेला असला, तरी तो इतरांना बोचतो. नाट्यगृहात मोबाइल वाजला की आपल्याला याचा अर्थ बरोबर कळतो.

आता प्रश्न असा, की आम्ही तर एकत्र बसलेलोही नव्हतो. मी पुण्यात रात्री अकराला ऐकायचो, ताई तिकडे दुपारी. मग हे कसलं मिसळणं? यावर माझ्याकडे उत्तर म्हणून एक जुनं उदाहरण आहे, कारण न दिसणाऱ्या माणसांबरोबर ऐकण्याची सवय आपल्या देशाला इंटरनेटच्या किती तरी आधीपासूनची आहे.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. हेतू उदात्त होता, परिणाम असा झाला की सगळा देश रेडिओची सुई फिरवून सिलोनला जाऊन बसला. त्याच वर्षी तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, अमीन सायानी घराघरांत पोचले. शेवटी १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. लोकांच्या आवडीला सक्तीनं वळण लावू पाहणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. असो.

पण मला सांगायचं आहे ते फर्माइशीबद्दल. झुमरी तलैया हे नाव इथे माहीत नाही असा पन्नाशीच्या पुढचा माणूस नसेल. तेव्हाच्या बिहारमधलं, आताच्या झारखंडमधलं अभ्रकाच्या धंद्याचं गाव. तिथून फर्माइशींची एवढी पत्रं जायची, की असं गाव खरंच आहे का, असा लोकांना संशय यायचा. आता विचार करा, हे लोक पोस्टकार्ड का घालत होते? गाणं ऐकायला? ते गाणं लोकप्रिय होतंच, ते एरवीही लागणार होतं. पोस्टकार्ड घालायचं ते गाण्याआधी आपलं नाव वाचलं जावं म्हणून. ‘मला हे सुंदर वाटतं’ हे कोट्यवधी अनोळखी लोकांसमोर नोंदवलं जावं म्हणून. पोस्टकार्डावरचा कांटच आहे हा! (हशा) आणि तेच नाव पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ऐकणाऱ्यालाही ते ओळखीचं वाटायला लागायचं. गावोगाव श्रोता संघ निघाले ते यातूनच. या नादातून केवढं पक्कं काम उभं राहू शकतं, ते कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांच्या ‘हिंदी फ़िल्म गीत कोश’ या खंडांत बघावं. गाणं, गायक, गीतकार, रेकॉर्डचा क्रमांक, सगळं. विद्यापीठांनी करायचं काम रेडिओ ऐकणाऱ्या माणसांनी केलं. आमच्याकडे विश्वास नेरूरकरांनी तशीच सूचींची पुस्तकं केली.

इंटरनेट आलं तेव्हा हीच मंडळी, किंवा यांचीच परदेशी गेलेली मुलं, यूझनेट नावाच्या व्यवस्थेवर जमली. भारतीय संगीताचा तिथला गट आर. एम. आय. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जायचा. त्या काळी संगणकावर देवनागरी उमटवणं कटकटीचं. तर अविनाश चोपडे यांनी ‘आयट्रान्स’ नावाची प्रणाली केली. रोमन अक्षरांत ठरावीक पद्धतीनं टंकायचं, आणि छापताना देवनागरी मिळायची. लोकांनी दिवसभर नोकऱ्या करून, रात्री बसून, हजारो गाण्यांचे शब्द त्या पद्धतीनं उतरवले. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी मागितले नाहीत. शब्द ‘शब’ आहे की ‘सब’, यावर आठ-आठ दिवस भांडणं. माझ्या दृष्टीनं ही त्या मेळाव्याची खूण आहे. एकत्र बसलेले नसतील, पण एकाच शब्दाला कान लावून होते.

आता तुम्हाला दिसेल, की गट बंद होताना काय जातं. गाणं जात नाही. ‘हे सुंदर आहे’ असं म्हटल्यावर जी माणसं मान हलवायची किंवा ‘छे, काहीतरीच’ म्हणायची, ती जातात. बारा वर्षांत माझ्या कितीतरी मतांना धार आली ती या लोकांमुळे. ती मतं आता माझ्याकडेच राहतील, पण त्यांना साक्षीदार उरणार नाही.

यावर कुणी म्हणेल, पण सर, ही काय खरी मैत्री का? ॲरिस्टॉटल मैत्रीचे तीन प्रकार करतो. उपयोगासाठीची, सुखासाठीची आणि एकमेकांच्या चांगुलपणासाठीची. या हिशेबात चाहत्यांची मैत्री मधल्या कप्प्यात जाईल, सुख संपलं की मैत्री संपली. मला हे पूर्ण पटत नाही. एका सुंदर गोष्टीकडे दोघांनी वर्षानुवर्षं मिळून बघणं, यात दोघांचाही कस लागतो. कोण प्रामाणिकपणे ऐकतो, कोण नुसता मिरवतो, कोण हरल्यावर मान्य करतो, हे सगळं तिथे कळतं. म्हणजे स्वभावापर्यंत गोष्ट जातेच. पण ॲरिस्टॉटलची दुसरी दोन निरीक्षणं मात्र घेण्यासारखी आहेत. एक, अंतरामुळे मैत्री मोडत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो. पण बोलणंच फार दिवस बंद राहिलं तर विसर पडतो. आणि दोन, मैत्री संपली तरी जुन्या मित्राशी आपण अगदी अनोळखी माणसासारखं वागू नये, झालेल्या सहवासाचं काही देणं उरतं.

देणं उरतं. ते कसं फेडायचं, हा आजच्या व्याख्यानाचा खरा प्रश्न.

त्याआधी एक भेद करू. बंद होणं दोन प्रकारचं असतं. ऑर्कुट तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. २००४ साली सुरू झालं, आणि गूगलनं ३० सप्टेंबर २०१४ ला बंद केलं. याहू ग्रुप्सचं असंच. ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर झालं, की साठवलेला मजकूर काढून टाकणार, आणि १५ डिसेंबर २०२० ला सेवाच थांबली. यूझनेटची तऱ्हा वेगळी, त्याला मालकच नाही. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं आपल्या दारातून तिथे लिहिण्याची सोय काढून घेतली, जुना मजकूर तेवढा वाचायला ठेवला. यूझनेट स्वतः बंद झालं नाही. कोण बंद करणार?

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञानं दाखवून दिलं, की काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती कृती करतात. ‘मी राजीनामा देतो’ म्हटलं की राजीनामा झाला. पण असं वाक्य लागू पडायला ते म्हणणारा योग्य माणूस असावा लागतो. तुमचा राजीनामा मी नाही देऊ शकत. याच न्यायानं, कंपनी यंत्र बंद करू शकते, पण निरोप देऊ शकत नाही. निरोप द्यायचा अधिकार त्यात राहिलेल्यांचा. घरमालकानं जागा खाली करून घेणं वेगळं आणि घरातल्यांनी दिवा मालवून बाहेर पडणं वेगळं. ज्या गटांना तेवढी संधीही मिळाली नाही, त्यांतली माणसं मला भेटतात, आणि त्यांच्या बोलण्यात एक अर्धवटपणा राहिलेला जाणवतो. आमच्या ताईंनी तारीख जाहीर केली, दोन महिने दिले. काहींना तो कोरडेपणा वाटला. ‘चालू द्या की, कधी कुणाला वाटलं तर लिहील’, असं त्यांचं म्हणणं. मी ताईंच्या बाजूचा. कारण चालू ठेवणं म्हणजे कुणीतरी रोज कचरा काढत राहणं, आणि तो कुणीतरी नेहमी एकच माणूस असतो.

आपल्याकडे पार्थिव गणपतीची कल्पना आहे. माती आणायची, प्राणप्रतिष्ठा करायची, दिवस ठरलेले. शेवटी उत्तरपूजा, हातावर दही, मूर्ती जागेवरून थोडी हलवायची. त्या हलवण्यानं ठरतं की आता ही पुन्हा माती. नदीवर जाणं नंतरचं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. जे आपणच प्रतिष्ठित केलं, ते आपल्याच हातानं हलवायचं असतं. कोनाड्यात तशीच धूळ खात ठेवायची नसते.

पण इथे आपली भाषा अडचण करते. मराठीत आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, वाढवते. शेवट जिभेवर येऊ द्यायचा नाही अशी आपली रीत आहे, आणि ती मला प्रिय आहे. गणपतीलाही आपण पुढच्या वर्षीचं आमंत्रण देऊनच पाठवतो. आमच्या गटातही शेवटच्या आठवड्यात सगळे ‘येतो’च लिहीत होते. ‘भेटूच’, ‘संपर्कात राहू’. मला ते खटकलं. कुठे येणार? दार तर काढून नेणार आहेत. ‘येतो’ या शब्दाला परत यायला घर असावं लागतं. ते नसेल तेव्हा ‘जातो’ म्हणायला शिकलं पाहिजे, आणि जाण्याआधी नेमक्या माणसाला नेमकं सांगितलं पाहिजे. ‘सगळ्यांचे आभार’ हे काही सांगणं नव्हे. अमक्या वर्षी तुम्ही अमुक गाण्याबद्दल जे लिहिलंत त्यामुळे मला ते पहिल्यांदा ऐकू आलं, हे सांगणं. मी अशी अकरा पत्रं लिहिली. त्यातली तीन, दुर्दैवानं, कुटुंबियांना लिहावी लागली, कारण ती माणसं राहिली नव्हती.

मग मजकुराचं काय? एकोणीस वर्षांचं लेखन. काहींचं म्हणणं, सगळं जपा. काहींचं म्हणणं, घरच्या गप्पा होत्या, पुसून टाका. परदेशात चाहत्यांनी लिहिलेल्या कथांचं एक मोठं भांडार आहे, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ नावाचं. २००९ पासून चालू आहे, चाहत्यांनीच उभं केलेलं. बंद पडणारे जुने संग्रह तिथे हलवून घेण्याचं काम होतं, आणि मूळ लेखकांना गाठून कळवायचा प्रयत्न केला जातो. तिथे एक सोय मला विलक्षण वाटली. लेखकाला आपली कथा ‘अनाथ’ करता येते. म्हणजे कथा वाचकांसाठी राहते, त्याचं नाव मात्र तिच्यावरून निघून जातं. देणाऱ्यानं दान मागे घ्यायचं नाही, पण स्वतःला मागे घ्यायचं. नाव आणि लेखन यांचं नातं इतकं सैल करता येतं, हे मला माझ्या सगळ्या अध्यापनात सुचलं नव्हतं. आम्ही तोच मार्ग घेतला. गाण्यांविषयीचं ठेवलं, घरगुती काढलं, आणि ज्यानं सांगितलं त्याचं नाव काढलं.

राहिला सर्वांत अवघड भाग. निरोप सगळ्यांना सारखा नसतो. मला व्याख्यानं आहेत, घरात माणसं आहेत. आमच्यात नागपूरचे एक गृहस्थ होते, पंच्याऐंशीच्या पुढचे, पत्नी गेलेली, ऐकू कमी येणारे. फोनवर बोलणं जमत नाही. दिवसातलं त्यांचं एकमेव संभाषण म्हणजे हा गट. त्यांनी ताईंच्या पत्राला काहीच उत्तर दिलं नाही. एका माणसासाठी गट चालू ठेवायला ताई बांधील होत्या का? मला वाटतं, नाही. पण गटाचं देणं काही त्यामुळे फिटत नाही, ते वाटून घ्यावं लागतं. आम्ही चौघांनी वार वाटून घेतले. सोमवार माझा. मी पोस्टकार्ड घालतो, ते कार्डानंच उत्तर देतात. टपाल पाच-सहा दिवस घेतं, त्यामुळे आमचं भांडण नेहमी मागच्या आठवड्याच्या गाण्यावर चालू असतं.

प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : सर, गट व्हॉट्सॲपवर का नाही नेला?

नेला होता की. दहा दिवसांत तिथे सुप्रभात, फुलं आणि राजकारण आलं. फरक असा आहे, की आमच्या जुन्या गटात एका गाण्याखाली आठ वर्षांनी कुणी ओळ लिहिली तरी ती त्या गाण्याखालीच पडायची, आधीचं सगळं वर दिसायचं. व्हॉट्सॲपवर कालचं आज वाहून जातं. गप्पांना ते उत्तम. पण एकाच शब्दावर आठ दिवस भांडायचं तर बैठक लागते.

प्रश्न : जे ठेवलंत ते आता कुठे आहे?

तिघांकडे प्रती आहेत. माझी एका पेन ड्राइव्हवर, कपाटात. मुलगा म्हणतो, बाबा, त्या पेन ड्राइव्हचा काही भरवसा नाही. म्हणून निवडक चारशे पानं छापून घेतली आणि बाइंडिंगला दिली. तो विचारतो आहे, पुठ्ठ्यावर लेखक म्हणून नाव कुणाचं घालू? त्याला दोन आठवडे झाले, मी अजून काही सांगितलेलं नाही.